कंपायलर फुकट आहे, मग साडेसहा हजार कशाचे?

(या भागाचा हा लिखित मजकूर. अडखळणं आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलंय. ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी.)



आजचा विषय एका फोनवरून सुचला. माझी मामी डोंबिवली पूर्वेला राहते. तिचा मुलगा यंदा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेला. कल्याणच्या एका क्लासमध्ये सी आणि सी++ साठी त्याचं नाव घातलं. फी भरून झाली. मग क्लासने सांगितलं, सॉफ्टवेअर आणि सेटअपचे साडेसहा हजार वेगळे. मामीचा मला फोन. "अगं, तू हेच काम करतेस ना? साडेसहा हजार म्हणतायत. द्यायचे का? आणि हे बघ, कमी पैशात काहीतरी हलकं मिळत असेल तर ते नको. त्याचं नुकसान नको व्हायला."

मी बीटेक केलंय, ठाण्यात राहते आणि कामाचे आठ-नऊ तास सी++ मध्येच जातात. तरी मला पटकन उत्तर देता येईना. "फुकट मिळतं गं, देऊ नकोस" एवढं सांगून भागलं असतं. पण तिचं दुसरं वाक्य उरतंच ना? फुकटचं चांगलं कसं असेल? चप्पल घ्या, छत्री घ्या, आपला अनुभव सांगतो की स्वस्त ते हलकं. हा हिशेब कंपायलरला का लागू होत नाही, आणि कुठे लागू होतो, ते आज बघू.

आधी शब्द नीट करून घेऊ

आपण लिहितो तो प्रोग्रॅम म्हणजे साधा मजकूर. प्रोसेसरला तो कळत नाही. कंपायलर तो मजकूर वाचतो, त्याच्या चुका दाखवतो आणि प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांमध्ये बदलतो. जिथे टाइप करतो तो एडिटर. प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते दाखवतो तो डीबगर. आणि हे सगळं एकाच खिडकीत मिळालं की त्याला आयडीई म्हणतात.

हा फरक का सांगतेय? कारण पहिल्या वर्षाची निम्मी मुलं इथेच अडकतात. व्हीएस कोड टाकतात, प्रोग्रॅम लिहितात, चालवायला जातात आणि कॉम्प्युटर म्हणतो, जी++ नावाची कमांड मला माहीत नाही. बरोबरच आहे त्याचं. व्हीएस कोड हा एडिटर आहे, त्याच्यात कंपायलर नाही, तो वेगळा टाकावा लागतो. मग मुलं घाबरतात, आणि "सेटअप करून देतो" म्हणणाऱ्याचं दुकान चालतं.

पेनड्राइव्हमध्ये काय होतं

रविवारी मी डोंबिवलीला गेले. मामीने पैसे अजून दिले नव्हते, पण भावाच्या एका मित्राने दिले होते आणि त्याच्याकडे क्लासचा पेनड्राइव्ह होता. आम्ही तो उघडून बघितला. आत होत्या तीन गोष्टी. डॉसबॉक्समध्ये बसवलेलं टर्बो सी++ ३.०, कोडब्लॉक्स आणि प्रोग्रॅम्सची एक पीडीएफ. डॉसबॉक्स आणि कोडब्लॉक्स दोन्ही मोफत आहेत, त्यांच्या साइटवरून कोणीही उतरवून घेऊ शकतं.

आणि टर्बो सी++? ती निळी स्क्रीन, पिवळी अक्षरं. बघून मला एकदम अकरावी आठवली. आम्हाला कॉम्प्युटर सायन्सला सी++ आणि ८०८५ होतं. एफ-९ दाबून श्वास रोखून बसायचं. मायेने बोलतेय मी, चेष्टा करत नाहीये. पण ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची आवृत्ती आहे. म्हणजे पेनड्राइव्ह घेणाऱ्या मुलांपेक्षा वयाने मोठी.

टर्बो तेव्हा खरंच भारी होतं

इथे बोरलँडवर अन्याय करायचा नाही. नोव्हेंबर १९८३ मध्ये त्यांनी टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला विकायला काढलं. त्या काळी कंपायलर शेकडो डॉलरला मिळायचे. वर काम कसं? एडिटरमधून बाहेर या, कंपायलर चालवा, लिंकर चालवा, फ्लॉपी बदला, चूक निघाली की परत पहिल्यापासून. टर्बो पास्कलमध्ये एडिटर आणि कंपायलर एकत्र, आणि काम मेमरीतल्या मेमरीत, त्यामुळे उत्तर जवळजवळ लगेच. तो कंपायलर मुळात लिहिला अँडर्स हेल्सबर्गने. पुढे सी शार्प आणि टाइपस्क्रिप्टच्या मागेही हाच माणूस.

बोरलँडचा परवानाही साधा होता. हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा. एका वेळी एकाच ठिकाणी वाचलं जात असेल तर ते कोणाच्याही हातात जाऊ दे. १९८७ मध्ये टर्बो सी आलं, १९९० मध्ये टर्बो सी++.

म्हणजे कंपायलर स्वस्त असूनही उत्तम असू शकतो हे १९८३ मध्येच दिसलं होतं. का शक्य झालं? कारण छत्रीला प्रत्येक नगामागे कापड लागतं, काड्या लागतात. कंपायलर एकदा लिहायला प्रचंड खर्च येतो, पण दुसऱ्या प्रतीला जवळजवळ शून्य. एक लाख लोकांनी वापरला तरी तो झिजत नाही. उलट जितके जास्त लोक वापरतील तितक्या जास्त चुका सापडतील. त्यामुळे इथे किमतीवरून दर्जा कळत नाही.

मग आज टर्बोची अडचण काय?

अडचण अशी की जग पुढे गेलं आणि ते तिथेच राहिलं. सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड १९९८ मध्ये आलं. टर्बो त्याच्या आधीचं. त्यामुळे टर्बोत शिकलेला मुलगा आयओस्ट्रीम डॉट एच लिहितो, व्हॉइड मेन लिहितो, कोनिओ डॉट एच घेऊन सीएलआरएससीआरने स्क्रीन पुसतो. आजच्या जीसीसीला यातलं काही चालत नाही. व्हेक्टर, स्ट्रिंग, मॅप या रोज लागणाऱ्या गोष्टी टर्बोसोबत येतच नाहीत.

याची किंमत मी स्वतः मोजली आहे. बीटेकच्या दुसऱ्या वर्षी इंटर्नशिपसाठी एक ऑनलाइन टेस्ट होती. नव्वद मिनिटं, तीन प्रश्न. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तोवर टर्बोच. पहिल्या प्रश्नाचं लॉजिक मला दहा मिनिटांत सुचलं. रन केलं तर लाल अक्षरांची रांग. हेडर सापडत नाही, मेनने इंट द्यायला हवं, सीएलआरएससीआर म्हणजे काय ते माहीत नाही. मला वाटलं माझं लॉजिकच चुकलंय. ते बदलत बसले. खरं कारण कळेपर्यंत पस्तीस मिनिटं गेली होती. निवड झाली नाही. घरी येताना गाडीत एकच विचार, आपल्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही. आज वाटतं, ती पस्तीस मिनिटं गेली त्याचं एवढं नाही. पण तो चुकीचा निष्कर्ष मी पुढचं वर्षभर बाळगला.

भावाला हे नुसतं सांगून पटलं नसतं, म्हणून करून दाखवलं. फॅक्टोरियलचा साधा प्रोग्रॅम, उत्तर इंटमध्ये ठेवायचं. टर्बोत सातचं फॅक्टोरियल आलं ५०४०, बरोबर. आठचं यायला हवं ४०,३२०. आलं उणे २५,२१६.

तो हसायला लागला. "ताई, उणे कसं येईल?"

कारण टर्बोत इंट १६ बिटचा. त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. त्याच्या पुढे गेलं की आकडा गोल फिरून उणे बाजूने वर येतो. ४०,३२० मधून ६५,५३६ वजा करा, उणे २५,२१६ मिळतील.

मग तोच प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर जीसीसीने चालवला. इथे इंट ३२ बिटचा. आठ बरोबर, नऊ बरोबर, बारा बरोबर, ४७ कोटी ९० लाख १ हजार ६००. तेरा? खरं उत्तर आहे ६,२२,७०,२०,८००. स्क्रीनवर आलं १,९३,२०,५३,५०४.

आता नीट बघा. हे जास्त घातक आहे. टर्बोतल्या उत्तराला निदान उणे चिन्ह होतं, काहीतरी गडबड आहे हे कळत होतं. इथे उत्तर छान अधिक आहे, मोठं आहे, दिसायला खरं आहे, आणि साफ चूक आहे. म्हणजे नवा कंपायलर घेतला की सगळं आपोआप सुधारतं असं नाही. फरक पुढे आहे.

मी तोच प्रोग्रॅम एक ऑप्शन जोडून परत कंपाइल केला, एफसॅनिटाइज इक्वल टू अनडिफाइन्ड. आता तेराला आल्यावर प्रोग्रॅमने स्वतःच सांगितलं, अमुक ओळीवर ४७,९०,०१,६०० गुणिले १३ इंटमध्ये मावत नाही. ओळ क्रमांकासकट.

भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "हे पण फुकट?"

हो. हे पण फुकट.

पण फुकट म्हणजे पैसे दिले कोणी?

हा मामीचा खरा प्रश्न. कोणीतरी तर पैसे मोजले असणार.

जीसीसी रिचर्ड स्टॉलमनने १९८७ मध्ये बाहेर काढला. त्याचा परवाना सांगतो, वापरा, बदला, विका, पण बदललेला कंपायलर दुसऱ्याला दिलात तर त्याचा सोर्स कोडही द्या. याचा परिणाम लवकरच दिसला. स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीने जीसीसीवर ऑब्जेक्टिव्ह-सी बसवलं, आणि शेवटी त्यांना तो कोड खुला करावा लागला. एकाने केलेलं काम सगळ्यांना मिळालं.

१९८९ मध्ये सिग्नस नावाची कंपनी निघाली. त्यांचा धंदा काय? कंपायलर फुकट, पण तुमच्या चिपवर तो चालवून द्यायचे, बिघडला तर दुरुस्त करायचे पैसे. लोकांना वाटलं चालणार नाही. चालला. १९९९ मध्ये रेड हॅटने ती कंपनी घ्यायचं जाहीर केलं.

चिप बनवणारे पैसे का देतात तेही सरळ आहे. चिपसाठी चांगला कंपायलर नसेल तर ती चिप कोण घेणार? कंपायलर हा त्यांचा विकायचा माल नाही, माल खपावा म्हणून बांधलेला रस्ता आहे. दुसरा मोठा मोफत कंपायलर म्हणजे एलएलव्हीएम आणि त्याच्यावरचा क्लँग. एलएलव्हीएम २००० साली इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी सुरू केला. २००५ मध्ये अ‍ॅपलने लॅटनरला नोकरीवर घेतलं, २००७ मध्ये क्लँग खुला झाला. आज इंटेलचा स्वतःचा सी++ कंपायलरही एलएलव्हीएमवरच उभा आहे आणि मोफत मिळतो. एकेकाळी तो विकत घ्यावा लागायचा.

आणि हे सगळं अमेरिकेतच होतं असं समजू नका. आपल्या पवईला, आयआयटी मुंबईत, प्राध्यापक उदय खेडकर यांनी सरकारी निधीतून जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं. जीसीसीचा कोड लाखो ओळींचा, नवीन माणूस आत शिरला की हरवतो. कुठल्या भागापासून वाचायला सुरुवात करायची, नव्या प्रोसेसरसाठी त्याला कसं शिकवायचं, यावर त्यांनी देशभरातल्या शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घेतल्या. विकतच्या कंपायलरच्या बाबतीत हे होऊच शकलं नसतं, कारण आतला कोडच दिसत नाही. त्याच आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. जीसीसीवर सी आणि सी++ शिकवणारे छोटे छोटे धडे, कितीतरी भारतीय भाषांमध्ये, मराठीतही. ठाण्याहून जेमतेम पंधरा किलोमीटरवर हे चालू होतं, आणि आमच्या लॅबमध्ये निळी स्क्रीन.

दर्जा मोजायचा कसा?

किंमत बाजूला ठेवली तर मोजायचं कशाने? मी पाच गोष्टी बघते.

पहिली, आउटपुट बरोबर आहे का. कंपायलर स्वतः चुकू शकतो, तुमचा कोड बरोबर असतानाही. यूटा विद्यापीठातल्या काही संशोधकांनी सीस्मिथ नावाचं एक टूल केलं. ते आपोआप विचित्र पण वैध सी प्रोग्रॅम तयार करतं आणि वेगवेगळ्या कंपायलरांची उत्तरं ताडून बघतं. २०११ च्या त्यांच्या पेपरनुसार तीन वर्षांत त्यांनी सव्वातीनशेच्या वर नवे बग कळवले. तपासलेला प्रत्येक कंपायलर कुठे ना कुठे चुकला, फुकटचाही आणि विकतचाही. अपवाद म्हणावा असा एकच, फ्रान्सचा कॉम्पसर्ट, ज्याचा मुख्य भाग गणिती सिद्धतेने बरोबर दाखवलेला आहे. त्या सिद्ध केलेल्या भागात त्यांना चुकीचा कोड काढणारा बग सापडला नाही. पैसे दिले म्हणून चुका होत नाहीत, असं काही नाही.

दुसरी, चूक सांगतो कशी. पूर्वी जीसीसीचे एरर वाचणं म्हणजे सरकारी पत्र वाचणं. क्लँग आला, त्याने नेमक्या अक्षराखाली खूण करून चूक दाखवायला सुरुवात केली. मग जीसीसीनेही २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून तेच आणलं. दोन फुकट गोष्टींमध्ये चुरस लागली आणि फायदा आपला झाला. शिकणाऱ्यासाठी ही सगळ्यात मोठी गोष्ट, कारण रात्री अकराला घरी शंका आली की समोर शिक्षक नसतो, एरर मेसेजच असतो.

तिसरी, तयार प्रोग्रॅम किती वेगाने चालतो. काहीही न सांगता कंपाइल केलं तर जीसीसी कोड सुधारायच्या भानगडीत पडत नाही. ओ-२ ऑप्शन दिला की तोच प्रोग्रॅम कितीतरी वेगाने पळतो. "माझं सी++ स्लो आहे" म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासा.

चौथी, कंपाइल व्हायला लागणारा वेळ. यावर पुढे बोलते.

पाचवी, उद्या काय. पुढची आवृत्ती येणार का, बग कळवला तर कोणी बघणार का. टर्बोला इथे शून्य मार्क.

पैसे कुठे द्यावेच लागतात

आता दुसरी बाजू, नाहीतर हा भाग जाहिरातीसारखा होईल.

माझी एक मैत्रीण वागळे इस्टेटमधल्या छोट्या कंपनीत कामाला आहे. मशीनचे कंट्रोल पॅनल बनवतात, आत छोटा मायक्रोकंट्रोलर. या जगात काइल, आयएआर अशी विकतची टूल्स अजून जोरात आहेत. ८०५१ साठीच्या काइलच्या मोफत आवृत्तीत २ केबीची मर्यादा असते, त्याच्यापेक्षा मोठा प्रोग्रॅम होत नाही. लॅबमध्ये एलईडी लुकलुकवायला पुरेल, कारखान्याला नाही.

मग या कंपन्या पैसे का देतात? एक, त्या चिपसाठी डीबगर, उदाहरणं, हेल्पलाइन सगळं जुळवलेलं मिळतं. दोन, गाडीचा ब्रेक किंवा मोठ्या मशीनची सुरक्षा यासारखं काम असेल तर तुमचं टूल विश्वासार्ह आहे हे कागदावर दाखवावं लागतं. गाड्यांसाठी आयएसओ २६२६२ तेच मागतं. विकतचं टूल ते प्रमाणपत्र सोबत देतं. फुकटच्या कंपायलरवर तेच सिद्ध करायला तुमच्या माणसांचे महिने जातात. तीन, एकच आवृत्ती दहा वर्षं तशीच ठेवून सांभाळून देणारा कोणीतरी लागतो.

मैत्रिणीच्या कंपनीत आधी क्रॅक केलेली आवृत्ती होती. एका मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर देण्याआधी टूलच्या लायसन्सची प्रत मागितली. धावपळ करून लायसन्स घेतलं, पण प्रत वेळेत गेली नाही आणि ऑर्डर दुसरीकडे गेली. जे काम साध्या चिपवर होतं ते नंतर त्यांनी एसडीसीसी या मोफत कंपायलरवर हलवलं, आणि प्रमाणपत्र लागतं तेवढ्यापुरतंच विकतचं ठेवलं. हा हिशेब मला पटतो. चोरलेलं आणि मोफत हे दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे दोघांनाही "फुकट" म्हणतात, तिथे घोळ होतो.

टर्बोचंही तसंच. बोरलँडने जुनं टर्बो सी २.०१ आणि टर्बो सी++ १.०१ स्वतःहून मोफत देऊन टाकलं होतं. पेनड्राइव्हमधून फिरते ती ३.०, त्याच्या नंतरची. ती विकायचा हक्क क्लासला कोणी दिला, हे विचारायला हरकत नाही.

मोफत असलं तरी अटी वाचाव्या लागतात. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी २०१४ मध्ये आलं. एकटा माणूस, वर्गातलं शिक्षण, ओपन सोर्सचं काम, यांना मोफत. छोट्या कंपनीत पाच जणांपर्यंत चालतं. पण संस्थेत अडीचशेच्या वर कॉम्प्युटर किंवा वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर उलाढाल असेल तर ही सवलत नाही.

खरा खर्च कुठे जातो

कंपायलर फुकट, पण रॅम फुकट नाही. टर्बो अगदी थोड्या मेमरीत चालायचं. माझ्या ऑफिसचा प्रोजेक्ट आठ जीबीच्या लॅपटॉपवर लिंक करताना मशीन लटकायचं. पूर्ण बिल्डला चाळीस मिनिटं. म्हणजे ठाण्याहून स्लो लोकलने कल्याण गाठून चहा पिऊन होईल. दिवसातून तीनदा पूर्ण बिल्ड झाली की दोन तास गेले. मग रॅम वाढवून घेतली आणि सीकॅश नावाचं मोफत टूल लावलं. न बदललेल्या फाइली ते परत कंपाइल करत नाही, आधीचं उत्तर काढून देतं. छोटा बदल असेल तर आता पाच-सहा मिनिटांत होतं. टूलची किंमत शून्य, पण ते माहीत नव्हतं त्या वर्षभरात माझे किती तास गेले असतील, मोजवत नाही.

दुसरा खर्च सवयीचा. एखाद्या आयडीईच्या बटणावरच शिकलं की बटण हलल्यावर माणूस हरवतो. म्हणून भावाला मी आधी टर्मिनलवर कंपाइल करायला लावलं. एक कमांड, हाताने. आठवडाभर कंटाळला, पण आता त्याला माहीत आहे की बटणाच्या मागे काय होतं.

तिसरा, नवा खर्च एआयचा. गिटहब कोपायलट जून २०२२ मध्ये सगळ्यांसाठी आला तेव्हा महिन्याला १० डॉलर होता, डिसेंबर २०२४ मध्ये त्याची मर्यादित मोफत आवृत्ती आली. पूर्वी कंपायलर एकदाच विकत घ्यायचो, आता दर महिन्याला बिल. ऑफिसमध्ये मी तो वापरते, उपयोग होतो. पण पहिल्या वर्षाच्या मुलाला त्याचे पैसे भरून देऊ नका असं माझं मत. तेराचं फॅक्टोरियल चुकलंय हे ओळखायला आधी डोळा तयार व्हावा लागतो.

मामीला शेवटी काय सांगितलं

साडेसहा हजार दिले नाहीत. पण क्लास सोडायला सांगितला नाही, कारण तिथले सर शिकवतात चांगलं, हे भावानेच सांगितलं. त्यांना फक्त विचार म्हटलं, यात विकतचं नेमकं काय आहे? ते म्हणाले, सेटअपला वेळ जातो, त्याचे आहेत. ठीक आहे, कोणाच्या वेळेला किंमत असतेच. पण मग त्याला सेटअप म्हणा, सॉफ्टवेअर म्हणू नका.

त्या रविवारी भावाच्या लॅपटॉपवर आम्ही हे केलं. विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल चालू करून त्यात उबुंटू टाकलं आणि त्यात जीसीसी. नुसतं विंडोजवर मिंगडब्ल्यूही चालतं, पण मघाशी सांगितलेले सॅनिटायझर त्यात सहसा मिळत नाहीत. एडिटर म्हणून व्हीएस कोड. दीड तास लागला, त्यातला अर्धा वेळ इंटरनेट.

आणि एक सवय लावली. प्रत्येक वेळी चार ऑप्शन देऊनच कंपाइल करायचं. डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा, म्हणजे शंकास्पद वाटेल ते सांग. जी, म्हणजे डीबगरसाठी माहिती ठेव. आणि एफसॅनिटाइज इक्वल टू अ‍ॅड्रेस कॉमा अनडिफाइन्ड, म्हणजे चालताना मेमरीच्या आणि आकड्यांच्या चुका पकड. वॉर्निंग आली तर ती गेल्याशिवाय पुढे जायचं नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला अजून टर्बोच असेल तर त्यावर भांडून मार्क घालवू नका. घरी नव्यावर शिका, परीक्षेच्या आदल्या दिवशी हेडर आणि व्हॉइड मेन बदलून टर्बोत दोनदा चालवून बघा. नव्याकडून जुन्याकडे जायला एक संध्याकाळ पुरते. उलट्या दिशेला मला पस्तीस मिनिटं आणि एक वर्ष लागलं.

जे शिक्षक ऐकत असतील त्यांना एक विनंती. सिलॅबस बदलायची वाट बघू नका. टर्बोच वापरा असं अभ्यासक्रमात लिहिलंय का, एकदा उघडून बघा. आम्ही नंतर आमचा बघितला होता. त्यात सी++ लिहिलं होतं, टर्बो नाही.

मामीने परवा फोन केला. म्हणाली, "अगं, तो म्हणतो त्याचा प्रोग्रॅम आता त्याला ओरडतो." मी म्हटलं, "ओरडू दे. तेच तर हवंय."

तुमच्याकडे कुठल्या क्लासने किंवा कॉलेजने कुठल्या टूलसाठी किती पैसे घेतले, आणि आत काय निघालं, मला नक्की कळवा. नावं घेणार नाही, पण पुढच्या एखाद्या भागात त्या अनुभवांवर बोलू. पुढच्या आठवड्यात याच्याच पुढचं, डीबगर. प्रिंटएफ टाकून बग शोधणाऱ्या माझ्या सगळ्या भावा-बहिणींसाठी. तोपर्यंत वॉर्निंग वाचत राहा.

भेटू.